‘दम्’ धातूच्या कसोटीवर आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश

शब्दकोशाचे परीक्षण बहुधा त्याची पृष्ठसंख्या, बांधणी आणि कीर्ती यांवरच उरकले जाते. कोश विकत घेणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. कोश कसा आहे हे कळायचे असेल, तर एखादा अवघड धातू निवडून त्या एका नोंदीपासून तिच्या आसपासच्या नोंदींपर्यंत सगळी पाने वाचून पाहावीत, असे माझे मत आहे. वामन शिवराम आपटे यांच्या ‘प्रॅक्टिकल संस्कृत-इंग्लिश डिक्शनरी’साठी मी ‘दम्’ हा धातू निवडला. नमवणे, माणसाळवणे, ताब्यात आणणे, स्वतःला आवरणे, शांत होणे, शिक्षा करणे हे सगळे अर्थ या एका धातूच्या कुटुंबात येतात. शत्रूवर विजय मिळवणाऱ्या राजालाही तो लागतो आणि इंद्रियांवर विजय मिळवणाऱ्या संन्याशालाही लागतो. एवढा पसारा कोशकाराला पेलता येतो की नाही, हे अशा धातूवरच कळते.

प्रथम वस्तूविषयी थोडे. सावंतवाडी संस्थानातील आसोलोपाल येथे १८५८ मध्ये जन्मलेले आपटे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होते. १८९० मध्ये हा कोश पुण्यात प्रसिद्ध झाला आणि १८९२ मध्ये, वयाची पस्तिशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. त्याआधी १८८४ मध्ये त्यांचा इंग्रजी-संस्कृत कोशही निघाला होता. महाविद्यालयाचा कारभार सांभाळून एका माणसाने एवढे काम इतक्या थोड्या वर्षांत कसे केले असेल, याचे आश्चर्य प्रत्येक वेळी कोश उघडताना वाटते. पण आश्चर्य बाजूला ठेवूनच परीक्षण केले पाहिजे. या कोशाची सुधारलेली आणि वाढवलेली आवृत्ती प. कृ. गोडे आणि चिं. ग. कर्वे यांनी तयार केली आणि ती १९५७ ते १९५९ या काळात पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने तीन खंडांत काढली. यातले कर्वे म्हणजे दाते-कर्वे ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चेच कर्वे. म्हणजे दोन्ही वेळा हा कोश पुण्यातच आणि मराठी माणसांच्याच हातून घडला, तरी त्याची अर्थ सांगण्याची भाषा इंग्रजी राहिली. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

आता ‘दम्’ची नोंद. धातू चौथ्या गणातला (धातूंच्या दहा वर्गांपैकी चौथ्या), परस्मैपदी, रूप ‘दाम्यति’. आपटे प्रथम ‘माणसाळला जाणे’ हा अर्थ देतात, त्यानंतर ‘शांत होणे’ हा, आणि मग ‘माणसाळवणे, नमवणे, जिंकणे, आवरणे’ हा सकर्मक अर्थ. त्यापुढे ‘शांत करणे’ येते, आणि शेवटी प्रयोजक, म्हणजे क्रिया करवण्याचे, रूप ‘दमयति’. वरवर पाहता ही क्रमवारी साधी वाटते, पण तिच्यामागे व्याकरणातला एक जुना पेच आहे. पाणिनीय धातुपाठात, म्हणजे धातू आणि त्यांचे अर्थ यांच्या यादीत, या धातूचा अर्थ ‘दमु उपशमे’ असा दिला आहे. ‘उपशम’ म्हणजे शांत होणे. एवढेच वाचणारा विद्यार्थी ‘दम्’ हा ‘शम्’सारखा अकर्मक आहे, असे समजून चालतो. भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदी या पाणिनीच्या व्याकरणावरील ग्रंथात येथे मुद्दाम थांबून सांगितले आहे की, या ठिकाणी ‘उपशम’ हा शब्द प्रयोजक अर्थाचा घ्यायचा, म्हणून हा धातू सकर्मक आहे, ‘शम्’प्रमाणे अकर्मक नाही. म्हणजे दीक्षितांच्या मते ‘दाम्यति’चा अर्थ ‘शांत होतो’ असा नसून ‘शांत करतो, ताब्यात आणतो’ असा आहे.

आपट्यांनी या वादात बाजू घेतलेली नाही; त्यांनी दोन्ही अर्थ लागोपाठ दिले आहेत. कोशकाराने हेच करायला हवे. व्याकरणकाराला नियम सांगायचा असतो, तर कोशकाराला प्रत्यक्ष वापर नोंदवायचा असतो, आणि वापरात ‘दम्’ दोन्ही बाजूंना झुकतो. मात्र हा पेच आहे याची एका शब्दाचीही सूचना नोंदीत नाही. कौमुदी न वाचलेल्या वाचकाला पहिला अर्थ अकर्मक आणि तिसरा सकर्मक का, हे कळण्याचा मार्ग नाही, आणि बहुतेक वाचक कौमुदी न वाचलेलेच असतात.

सकर्मक अर्थासाठी आपट्यांनी दिलेले उदाहरण भट्टिकाव्यातले आहे: ‘यमो दाम्यति राक्षसान्’. यम राक्षसांना नमवतो आहे. तीनच शब्द, पण त्यांत कर्ता, कर्म, क्रियापद आणि गण सगळे दिसते. आपट्यांच्या कोशाची खरी ताकद अशा उदाहरणांत आहे. अर्थाशेजारी ते वाक्य ठेवतात, वाक्याशेजारी ग्रंथाचा संक्षेप आणि श्लोकाचा क्रमांक, त्यामुळे शंका आली तर वाचक स्वतः मूळ ग्रंथ उघडून संदर्भ पाहू शकतो. तरीही येथे माझी एक तक्रार आहे. भट्टिकाव्य रामकथा सांगते, पण ते लिहिले गेले व्याकरणाची रूपे दाखवण्यासाठी. उत्तरार्धातील एकेक सर्ग एकेका लकाराला (क्रियापदाच्या काळाला किंवा अर्थाला) वाहिलेला आहे आणि अठरावा सर्ग वर्तमानकाळाचा. ‘दाम्यति’ हे रूप तेथे आले ते भट्टीला ते दाखवायचेच होते म्हणून. व्याकरणाच्या नियमाला भट्टीचा आधार देणे म्हणजे एका अर्थाने नियमालाच नियमाचा आधार देणे होय. मूळ धातूचे हे रूप एरवीच्या वाङ्मयात किती वेळा भेटते, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. माझ्या वाचनात तरी ‘दमयति’ आणि त्यापासून झालेली रूपे कितीतरी अधिक येतात. गीतेच्या दहाव्या अध्यायात ‘दण्डो दमयतामस्मि’ असे आहे आणि गौतमधर्मसूत्रात दंडाची व्युत्पत्तीच ‘दमना’वरून सांगून ‘तेनादान्तान् दमयेत्’ असे म्हटले आहे. ताब्यात आणण्याचा अर्थ प्रत्यक्षात प्रयोजकाने पेललेला आहे. मग ‘दमयति’ला नोंदीच्या शेपटीला एक-दोन ओळींत उरकण्याऐवजी त्याला स्वतंत्र आणि ऐसपैस जागा द्यायला हवी होती.

‘दान्त’ या रूपाची गोष्ट याहून बारीक आहे. मूळ धातूवरून ‘दान्त’ होते, आणि पाणिनीच्या ‘वा दान्तशान्तपूर्णदस्तस्पष्टच्छन्नज्ञप्ताः’ या सूत्राने (७.२.२७) प्रयोजकावरूनही विकल्पाने ‘दान्त’ होते, नाहीतर ‘दमित’. याचा परिणाम असा की, ‘दान्त’ पुरुष स्वतःहून शांत झालेला असू शकतो किंवा कोणीतरी वठणीवर आणलेलाही असू शकतो. ‘दमित’ मात्र नेहमी दुसऱ्याच्या हातून दबलेला असतो. आजच्या मराठीत आपण ‘दमित वासना’ म्हणतो, ‘दान्त वासना’ म्हणत नाही, आणि ‘शान्त, दान्त’ ही जोडी ऋषींच्या वर्णनात वापरतो, कैद्यांच्या नाही; ती याच फरकामुळे. आपटे दोन्ही रूपे धातूच्या कंसात शेजारी शेजारी देतात, पण फरक सांगत नाहीत. शिवाय ‘दान्त’ हाच शब्द ‘दन्त’वरून ‘हस्तिदंती’ या अर्थीही होतो. तिथे मात्र कोश वाचकाची फसगत होऊ देत नाही.

धातूपेक्षा त्याचे नामरूप कोशात अधिक खुलते, असे मला वाटते. ‘दम’ या नोंदीत नमवणे आहे, इंद्रियसंयम आहे, वाईट कर्मापासून मन मागे खेचणे आहे, मनाचा खंबीरपणा आहे. त्यानंतर दंड किंवा जुर्माना आहे, आणि हे सगळे झाल्यावर ‘चिखल’ हा अर्थही आहे, जो पाहून नवा वाचक दचकतो. संयमाच्या अर्थासाठी ‘निग्रहो बाह्यवृत्तीनां दम इत्यभिधीयते’ ही व्याख्या दिली आहे. ती अपरोक्षानुभूती या वेदान्तग्रंथात आढळते आणि तिच्या लगतच आधी ‘शम’ची व्याख्या आहे. वेदान्तात शम आतल्या मनाचा, तर दम बाहेरच्या इंद्रियांचा. हा भेद लक्षात ठेवला, तर गीतेच्या अठराव्या अध्यायातले ‘शमो दमस्तपः’ ही द्विरुक्ती वाटत नाही.

जुर्मान्याच्या अर्थासाठी कोश मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायाकडे पाठवतो. संदर्भ उघडून पाहिला, तर तेथे वैद्यांविषयीचा श्लोक आहे: ‘चिकित्सकानां सर्वेषां मिथ्या प्रचरतां दमः’. चुकीचे उपचार करणाऱ्या वैद्याने रोगी जनावर असेल तर प्रथम साहसाचा दंड भरायचा आणि रोगी माणूस असेल तर मध्यम साहसाचा. हे साहस म्हणजे किती, ते मनूनेच आठव्या अध्यायात सांगितले आहे: प्रथम २५०, मध्यम ५०० आणि उत्तम १००० ‘पण’ (हे जुने नाणे). येथे ‘दम’ ही मनाची अवस्था राहिलेली नाही. ती सरकारजमा होणारी रक्कम झाली आहे. ताब्यात आणण्याच्या क्रियेपासून ताब्यात आणण्याच्या साधनापर्यंत अर्थ कसा सरकला, हे एका संदर्भावरून कळते, आणि तो संदर्भ आपट्यांनी दिलेला आहे. ज्याला संदर्भ उघडून बघण्याची सवय नाही, त्याच्यासाठी या कोशाचा अर्धा भाग वाया गेल्यासारखाच आहे.

‘दमन’च्या नोंदीत भवभूतीच्या महावीरचरितातले ‘दुर्दान्तानां दमनविधयः क्षत्रियेष्वायतन्ते’ हे वाक्य आहे. भवभूती स्वतःला दक्षिणापथातील पद्मपूरचा म्हणवतो आणि ते पद्मपूर विदर्भात असल्याचे मानले जाते. मस्तवालांना वठणीवर आणण्याचे काम क्षत्रियांकडे आहे, असे हे वाक्य सांगते. आजच्या वृत्तपत्रांतील ‘दमनशाही’ आणि या ‘दमनविधी’त फरक एवढाच की, भवभूतीच्या वाक्यात ज्यांचे दमन होते ते ‘दुर्दान्त’ आहेत, म्हणजे दोष त्यांच्याकडे आहे. आधुनिक मराठीत ‘दमन’ म्हटले की दोष दमन करणाऱ्याकडे जातो. शब्द तोच राहून त्याचा कल उलटतो तो असा. १८९० च्या कोशाने हे सांगावे, अशी अपेक्षा अर्थातच कोणी करू नये.

कालिदासाकडे वळल्यावर कोश आपल्या खास घरी येतो. ‘दम्य’ म्हणजे अजून जुवाला न लागलेला, शिकवायचा गोऱ्हा. येथे रघुवंशाच्या सहाव्या सर्गातला श्लोक उपयोगी पडतो. विदर्भाच्या इंदुमतीच्या स्वयंवरात सुनंदा तिला अजाची ओळख करून देताना म्हणते की, हा कुमार आपल्या पित्याबरोबर राज्याची जड धुरा सारखीच वाहतो: ‘धुर्येण दम्यः सदृशं बिभर्ति’. ‘धुर्य’ म्हणजे मुरलेला, ओढकाम अंगवळणी पडलेला बैल आणि ‘दम्य’ म्हणजे त्याच्या शेजारी जुंपलेला नवा गोऱ्हा. अनुभवी बैलाच्या जोडीला लावून गोऱ्ह्याला औताची सवय लावण्याची रीत ज्यांनी शेतात पाहिली आहे, त्यांना हा श्लोक समजावून सांगावा लागत नाही. ‘दम्’चा हा अर्थ चाबकाचा नाही, जुवाचा आहे. ‘कॉन्कर’ या इंग्रजी अर्थाने येथे काहीच साधत नाही.

याच्या नेमके उलट टोक शाकुंतलाच्या सातव्या अंकात आहे. मारीच ऋषींच्या आश्रमात दुष्यंताला एक मुलगा दिसतो. त्याने आईचे दूध अर्धेच पिऊन झालेल्या सिंहाच्या छाव्याला आयाळ विस्कटेपर्यंत जबरदस्तीने ओढत आणले आहे आणि तो त्याला सांगतो आहे, ‘जृम्भस्व सिंह, दन्तांस्ते गणयिष्ये’. जांभई दे, मला तुझे दात मोजायचे आहेत. तापसी त्याला ‘सर्वदमन’ म्हणतात. अंकाच्या शेवटी मारीच सांगतात की, प्राण्यांना बळाने नमवतो म्हणून येथे हा सर्वदमन आहे, पुढे लोकांचे भरण करील म्हणून त्याचे नाव भरत होईल. एकाच मुलाची ही दोन नावे आहेत, आणि मोठेपणी दमनाचे नाव सोडून भरणाचे नाव घ्यायचे आहे, हे कालिदासाने ‘प्रसभदमनात्’ आणि ‘भरणात्’ अशा समांतर पदांनी दाखवले आहे. कोशातल्या ‘दमन’च्या नोंदीवरून ‘सर्वदमन’कडे, तेथून नाटकाकडे जाणे अगदी सोपे आहे, आणि अभिजात वाङ्मय वाचणाऱ्यासाठी आपट्यांच्या कोशाइतकी चांगली वाट दुसरीकडे मिळत नाही.

‘दमयन्ती’च्या बाबतीत कोश विश्वकोशाच्या अंगाने जातो. विदर्भराज भीमाची ही कन्या. तिने त्रिभुवनातील सुंदरींचा सौंदर्यमद उतरवला म्हणून तिचे नाव दमयन्ती, असा श्रीहर्षाच्या नैषधीयचरितातला श्लोक आहे. महाभारतातली हकीकत निराळी आहे: दमन नावाच्या ऋषीच्या वराने भीमाला दमयन्ती आणि दम, दान्त, दमन अशी अपत्ये झाली, म्हणजे सगळी भावंडे एकाच धातूच्या रूपांची नावे लावून जन्मली. श्रीहर्षाची व्युत्पत्ती कवीची आहे, महाभारताची घराण्याची आहे. मला दुसरी अधिक पटते, पण पाठांतराला पहिलीच बरी. पंचतंत्रातल्या करटकाचा जोडीदार ‘दमनक’ हाही याच कुळातला. स्वतः कोल्हा असून बोलण्याच्या जोरावर सिंहाला ताब्यात ठेवणाऱ्या पात्राला हे नाव देणाऱ्याचा मिस्किलपणा कोशातून कळत नाही, तो कथेतूनच कळतो. चैत्रात आपण देवाला वाहतो तो सुवासिक दवणा हाही मूळचा ‘दमनक’च आहे.

आता दोष. सर्वांत मोठा दोष स्वल्पविरामांचा आहे. आपटे एका अर्थक्रमांकाखाली ‘टेम, सबड्यू, कॉन्कर, रिस्ट्रेन’ असे इंग्रजी शब्द ओळीने देतात आणि त्यांना मिळून एक-दोन उदाहरणे जोडतात. इंग्रजी वाचकाला या शब्दांतला भेद जाणवत असेल. मराठी विद्यार्थी मात्र त्यांपैकी पहिला किंवा ओळखीचा शब्द उचलतो आणि त्याचे मराठी करतो. मग गोऱ्हा ‘जिंकला’ जातो आणि इंद्रिये ‘माणसाळतात’. मराठीत या क्रियेसाठी एक शब्द नाही, आणि ती आपली श्रीमंतीच आहे. बैलाला वेसण घालतात, शत्रूला नमवतात, बंड मोडून काढतात, आग आटोक्यात आणतात, पोराला वठणीवर आणतात, संकटावर मात करतात, आणि मन किंवा हसू आवरतात. कोणता शब्द कोठे लागतो ते कर्मावर ठरते. म्हणून ‘दम्’चे मराठी करताना आपट्यांचा इंग्रजी अर्थ सोडून त्यांच्या उदाहरणातले कर्म पाहावे. राक्षस असतील तर नमवणे, इंद्रिये असतील तर आवरणे, दम्य असेल तर शिकवणे. असे केले की कोश पुष्कळ अधिक उपयोगी पडतो.

येथेच आणखी एक सापळा आहे. मराठी बोलणाऱ्याच्या कानात ‘दम’ हा शब्द आधीच भरलेला असतो, पण तो फारसीतून आलेला, श्वास या अर्थाचा. दम लागणे, दम धरणे, दम खाणे हे सरळ श्वासाचे आहेत. ‘दम देणे’ आणि ‘दमदाटी’ येथे मात्र धाक घालून काबूत ठेवण्याचा अर्थ इतका जवळ येतो की, हा शब्द संस्कृत असावा असा भास होतो. ‘दमणे’त तर थकणे आहे, आणि दमवून दमवून जनावर शांत करण्याच्या कल्पनेशी त्याचे नाते जुळवण्याचा मोह फार होतो. संस्कृत शिकवणाऱ्याने वर्गात ‘दम’ काढला की पहिल्या पाच मिनिटांत हे दोन प्रवाह वेगळे करून दाखवावेत. इंग्रजीतून अर्थ देणारा कोश हे काम करणार नाही.

दुसरी उणीव वैदिक बाजूची आहे. आपट्यांनी आपले क्षेत्र मुख्यतः वेदोत्तर वाङ्मयाचे ठेवले, आणि शंभर टक्के प्रामाणिकपणे ठेवले, त्यामुळे याला दोष न म्हणता मर्यादा म्हणणे योग्य. पण ‘दम्’साठी ही मर्यादा महाग पडते. ऋग्वेदात ‘दम’ म्हणजे घर. ‘दम्पती’तला ‘दम्’ घराचाच आहे. दम्पती म्हणजे मुळात घराचा धनी. लॅटिनमधला घर या अर्थाचा ‘डोमुस’ या वैदिक ‘दमा’चा भाऊ, तर माणसाळवणे या अर्थाचा लॅटिन ‘डोमारे’ आणि इंग्रजी ‘टेम’ हे ‘दाम्यति’चे भाऊ. जनावर माणसाळवणे म्हणजे त्याला घराला लावणे, हा संबंध मनाला पटकन पटतो, परंतु हे दोन धातू मुळात एकच की शेजारी, हा तुलनात्मक भाषाशास्त्राचा विषय आहे. तो पाहायचा असेल तर १८९९ चा मोनियर-विल्यम्सचा कोश उघडावा; तेथे घराचा ‘दम’ आणि संयमाचा ‘दम’ समोरासमोर भेटतात. मात्र मोनियर-विल्यम्स बहुतेक ठिकाणी ग्रंथाचे नाव सांगून थांबतो, मूळ वाक्य देत नाही. ज्याला अर्थाचा इतिहास हवा त्याने तिकडे जावे, ज्याला वाक्य हवे त्याने आपट्यांकडे यावे, आणि दोन्ही परवडत असतील तर दोन्ही जवळ ठेवावेत.

उपनिषदांतला एक दाखला मी नेहमी स्वतःच्या हाताने या नोंदीशेजारी लिहितो. बृहदारण्यकाच्या पाचव्या अध्यायात देव, मनुष्य आणि असुर या प्रजापतीच्या तिन्ही संतती त्याच्याकडे ब्रह्मचर्याने राहून उपदेश मागतात. तो तिघांनाही ‘द’ एवढेच अक्षर सांगतो. मनुष्य त्याचा अर्थ ‘दत्त’, म्हणजे द्या, असा घेतात. असुर ‘दयध्वम्’, दया करा, असा घेतात. आणि देव घेतात ‘दाम्यत’, स्वतःला आवरा. येथे कर्म दिलेलेच नाही. ताब्यात आणणारा आणि ज्याला ताब्यात आणायचे तो एकच आहे. भट्टीच्या यमापुढे राक्षस आहेत, पण उपनिषदातल्या देवांपुढे दुसरे कोणीच नाही. ‘दाम्यति’ अकर्मक की सकर्मक या भट्टोजींच्या पेचाला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

संगणकावर हा कोश विनामूल्य मिळतो, आणि तोही दोन ठिकाणी. कोलोन विद्यापीठाच्या संस्कृत कोशसंग्रहात १८९० ची आवृत्ती आहे, तर शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात गोडे-कर्वे आवृत्ती. कोलोनच्या पानाचे विशेष म्हणजे टंकित नोंदीबरोबर मूळ छापील पानाची प्रतिमाही उघडता येते. ती सोय अवश्य वापरावी, कारण टंकित मजकुरात अवतरणे ओळीच्या शेवटी तुटतात, जोडाक्षरे चुकतात आणि श्लोकाचा आकडा घसरला तर वाचक भलत्याच सर्गात जाऊन पोहोचतो. शब्द देवनागरीत किंवा रोमन लिप्यंतरात, दोन्ही प्रकारे शोधता येतो. पण पडद्यावर एक नुकसान होते, ते म्हणजे शेजार हरवतो. छापील पानावर ‘दम्’ पाहताना ‘दम’, ‘दमन’, ‘दमयन्ती’, ‘दम्पती’, ‘दम्भ’, ‘दम्य’ हे सगळे एका नजरेत येतात, आणि या परीक्षणातला निम्मा मजकूर त्या नजरेतूनच आलेला आहे. पडद्यावर विचारलेल्या शब्दाचेच उत्तर मिळते.

छापील प्रतींपैकी एका खंडातली पुनर्मुद्रणे स्वस्त आणि सहज मिळणारी आहेत, पण त्यांचे टाइप बारीक आहेत आणि वारंवारच्या पुनर्मुद्रणाने काही पानांवर अनुस्वार व रेफ पुसट झालेले दिसतात. दुकानात घेताना ‘क्ष’ची आणि ‘र’ची पाने उघडून पाहून घ्यावीत. तीन खंडांची गोडे-कर्वे आवृत्ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली तर सोडू नये. परिशिष्टांत छंदःशास्त्र, ग्रंथकारांची माहिती, प्राचीन भूगोलातील नावे आणि सुधारलेल्या आवृत्तीत लौकिक न्यायांचा, म्हणजे दृष्टान्तवजा म्हणींचा, संग्रह आहे. हे न्याय मी कामापेक्षा करमणुकीसाठीच अधिक वाचले आहेत. याहून मोठे काही हवे असेल, तर पुण्याच्याच डेक्कन कॉलेजात १९४८ पासून ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचे काम चालू आहे. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आणि प्रसिद्ध झालेले भाग अजून ‘अ’मध्येच आहेत. ‘द’ येईपर्यंत आपट्यांना पर्याय नाही, असे थोडे विनोदाने आणि बरेचसे खरे म्हणता येते.

काव्यनाटके वाचणारा महाविद्यालयीन विद्यार्थी, कीर्तनकार, संस्कृत शिक्षक आणि मराठीत अनुवाद करणारा, या चौघांनी हा कोश घ्यावा. वेदांचा अभ्यासक आणि फक्त मराठी अर्थ हवा असणारा वाचक यांचे त्यावर भागणार नाही. आणि घेतलाच, तर समासाच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहिण्यासाठी घ्यावा. ‘दम्’च्या नोंदीशेजारी ‘सकर्मक, कौमुदी पाहा’ एवढी टीप पहिल्याच दिवशी लिहून ठेवायला हरकत नाही.